नाव दिलं नाही, तर नावं ठेवली जातात

गेल्या महिन्यात एका बालवाडीच्या पालकसभेला गेले होते. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतली एक आई उठली. मुलगा अडीच वर्षांचा. हाक मारली तर वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आमचाच हात धरून तिच्यापाशी नेतो. दीड वर्षाचा असताना ‘बाबा’, ‘भूभू’ म्हणायचा, आता तेही म्हणत नाही. कुठे दाखवावं का, एवढंच तिने विचारलं. पाहुणे मुलांविषयी मनापासून कळवळा असलेले गृहस्थ होते. ते म्हणाले, “ताई, प्रत्येक फूल आपल्या वेळेला उमलतं. एवढ्याशा लेकराला लेबल लावू नका. मोबाईल बंद करा आणि त्याच्याशी भरपूर बोला.” सभागृहात टाळ्या पडल्या आणि ती आई खाली बसली.

त्या टाळ्या अजून माझ्या कानातून जात नाहीत. मुलाच्या वाढीविषयी शंका आली की त्याच आठवड्यात तपासणीच्या मागे लागावं, ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नये आणि ऑटिझमसारखं, म्हणजे मेंदूची घडणच वेगळी असल्याचं, निदान झालं तर ते नाव तोंडाने उच्चारावं, असं माझं स्पष्ट मत आहे. येत असलेले शब्द गेले असतील तर एक दिवसही थांबू नये. हे मत कठोर वाटेल. पण ‘लेबल की बालपण’ असा जो वाद आपल्याकडे रंगतो, त्याची मांडणीच मला चुकीची वाटते. निदान झालं नाही तर मूल कोऱ्या पाटीसारखं, बिननावाचं राहतं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. आपल्या घरांत, आपल्या वाड्या-सोसायट्यांत असं कधी झालंय? घुमा, एककल्ली, माणूसघाणा, हट्टी, आगाऊ, लाडावलेला, खुळा हे सगळे शब्द मराठीच आहेत आणि ते लावायला कुठल्याही डॉक्टरची सही लागत नाही. नाव दिलं नाही की नावं ठेवली जातात. प्रश्न एवढाच उरतो की मुलाला चिकटणारा शब्द जाणकाराने पारखून दिलेला असावा की जिन्यात भेटलेल्या कोणाचाही.

माझ्या मुलाचं ऑटिझमचं निदान झालं तेव्हा तो चार वर्षं आठ महिन्यांचा होता. मला पहिली शंका तो दोन वर्षांचा असताना आली होती. मधल्या काळात आमच्या घराने सगळं केलं. जिभेवर वेखंड घासलं, नजर काढली, कुलदैवताला नवस बोलला. नेहमीच्या डॉक्टरांनी “मुलगे उशिराच बोलतात” असं सांगून दोनदा परत पाठवलं. सासूबाई म्हणायच्या, “याचे बाबासुद्धा तीन वर्षांचे होईतो बोलत नव्हते.” त्या खोटं सांगत नव्हत्या, धीर देत होत्या. एका लग्नात मुलाने मांडवात कानांवर हात ठेवून हंबरडा फोडला, तेव्हा एक नातेवाईक मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, “आई नोकरीला, मग दुसरं काय होणार!” तेव्हा माझ्या मुलावर कुठलंच वैद्यकीय लेबल नव्हतं. ते माझ्यावर लागलं होतं.

आईवर ते लावण्याचा इतिहास जुना आहे. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, आठ मुलगे आणि तीन मुली. ऑटिझमचा आधुनिक अभ्यास तिथून सुरू झाला. त्या वर्णनात मुलांकडे फार बारकाईने पाहिलेलं आहे. पण पुढच्या काही वर्षांत या मुलांचे पालक भावनेने थंड असतात, ही कल्पना बळावली आणि ‘फ्रिजसारख्या थंड आया’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी तर मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवणं हाच उपचार मानला. वीसेक वर्षं हजारो आया आपण मुलावर पुरेसं प्रेम केलं नाही, या अपराधी भावनेत जळल्या. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी, जे मानसशास्त्रज्ञही होते आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही, या कल्पनेला पुरावाच नाही हे दाखवलं. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास मांडला आणि आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट होऊ लागला. आज ‘मोबाईल दाखवला म्हणून झालं’ हे वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरतं, तेव्हा मला तोच जुना फ्रिज नव्या घरात आलेला दिसतो. आरोपी तेव्हाही आई होती, आत्ताही आईच आहे.

मोबाईलविषयी खरं आहे ते मान्य करायला हवं. तासन् तास पडद्यासमोर बसलेल्या लहान मुलाच्या वाट्याला माणसांशी बोलणं कमी येतं आणि त्याने भाषा मागे पडू शकते. पडदा काढून घेतल्यावर काही मुलं झपाट्याने बोलू लागतात, हे मीही पाहिलंय. पण जे मूल कशानेच शांत होत नाही आणि पडद्यानेच होतं, त्याच्या थकलेल्या आईच्या हातात मोबाईल आधी आला की मुलाची अडचण आधी आली? व्यासपीठावरून हे कसं कळणार? आणि मोबाईल बंद करण्यासाठी डॉक्टरांची वेळ रद्द करावी लागत नाही. दोन्ही एकाच दिवशी करता येतं. सल्ला खोटा नव्हता. तो तपासणीच्या जागी दिला गेला, यात चूक झाली.

दुसऱ्या बाजूचा याहून भक्कम मुद्दा असा की उशिरा बोलणारी बरीच मुलं खरंच पुढच्या वर्ष-दोन वर्षांत बाकीच्यांना गाठतात. हे अगदी खरं आहे आणि प्रत्येक घरात असा एखादा काका असतोच. पण त्या काकाचं बोलणं तेवढं उशिरा आलं होतं. तो बोट दाखवत होता, हातवारे करत होता, नवी गाडी आणून आईच्या मांडीवर ठेवत होता, तिच्या चेहऱ्याकडे बघून हसत होता. ज्या मुलाला शब्दही नाहीत आणि खूणही नाही, त्याला त्या काकाच्या रांगेत बसवता येत नाही. हा फरक ओळखायला वीस प्रश्नांची एक चाळणी आहे, एम-चॅट. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ती जगभर वापरली जाते आणि काही मिनिटांत होते. तीत अडकलेल्या सगळ्या मुलांना ऑटिझम निघत नाही, म्हणून काहीजण तिला घाबरवणारी म्हणतात. पण पुढची सविस्तर विचारपूस करूनही जी मुलं अडकलेली राहतात, त्यातल्या बहुतेकांना ऑटिझम नसला तरी वाढीची काही ना काही अडचण निघते. कुणाला ऐकू कमी येत असतं. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्याशी ‘भरपूर बोला’ म्हणून वर्ष काढलं, तर ते वर्ष कोणाच्या हिशेबात धरायचं? मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. किमान महाराष्ट्राने तरी ‘आधी कान तपासा’ हे इतक्या वर्षांत पाठ करायला हवं होतं.

चुकण्याची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नसते. आपोआप बोलणार होता अशा मुलाला चार महिने वाचोपचार (स्पीच थेरपी) दिले, तर वेळ आणि पैसा गेला. पैसा जाणं ही छोटी गोष्ट नाही, शहरात एकेका सत्राला शेकड्यांनी रुपये मोजावे लागतात. पण मदत लागणार होती अशा मुलाची दोन वर्षं गेली, तर त्या दोन वर्षांत ते मूल आपलं मागणं जगापर्यंत पोहोचवायला रडणं आणि डोकं आपटणं एवढंच शिकतं. माझ्या मुलाला पाणी मागायची खूण पाचव्या वर्षी आली. त्याआधी तहान लागली की तो काय करायचा, ते मी इथे लिहू शकत नाही.

आता बाजाराबद्दल. निदानाच्या विरोधात बोलणाऱ्यांचा इथला राग मला पूर्णपणे पटतो. प्रत्येक उपनगरात थेरपीचे फलक लागले आहेत. वीस मिनिटांत निदान आणि लगेच वर्षभराचं पॅकेज, हे होतं. ‘ऑटिझम मुळापासून बरा’ असं सांगून स्टेम सेलची इंजेक्शनं लाखो रुपयांना दिली गेली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळाला २०२२ मध्ये हा उपचार ऑटिझमसाठी देऊ नये, असं सांगावं लागलं. पण ही लूट फोफावते कुठे? जिथे पालकांना नीट नाव सांगितलेलं नसतं, ‘थोडं मागे आहे’, ‘ट्रेट्स (थोडी लक्षणं) आहेत’ असं अर्धवट काहीतरी सांगून घरी पाठवलेलं असतं, तिथेच. ज्या आईवडिलांना कोणीतरी दोन तास बसवून सांगितलं, की हा आजार नाही, तो बरा होण्याचा प्रश्न नाही, मेंदूची घडण वेगळी आहे, मूल शिकेल पण त्याच्या वाटेने शिकेल, त्यांना ‘बरा करतो’ म्हणणारा माणूस लगेच ओळखू येतो. खोट्या नाण्याच्या भीतीने खरं नाणंच चलनातून काढा, असं कोणी म्हणत नाही.

‘वेगळं आहे, बिघडलेलं नाही’ हा युक्तिवाद मला सर्वांत जवळचा वाटतो. ऑटिझम असलेली प्रौढ माणसं तो स्वतः मांडतात. आमच्या मुलांना दुरुस्त करण्याच्या नादात तुम्ही त्यांचं हात फडफडवणंसुद्धा बंद करता, असं ती म्हणतात, आणि ते ऐकायलाच हवं. ऑटिझमसाठी आपण वापरतो तो ‘स्वमग्न’ हा शब्दही मला पुरता न्याय्य वाटत नाही. माझा मुलगा स्वतःत मग्न नसतो. त्याला कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटचा आवाज, सदऱ्याच्या आतली टोचणारी पट्टी हे सगळं एकदम अंगावर येतं. पण हा युक्तिवाद करणारे एकमेकांना भेटले कसे? त्यातले कितीतरी जण तिशी-चाळिशीत निदान झालेले आहेत आणि आपण वेडे नव्हतो, आळशी नव्हतो, हे त्या दिवशी कळलं असं सांगतात. मुलींच्या बाबतीत हे जास्तच घडतं. शांत, गुणी, लाजाळू म्हणून कौतुक होत राहतं आणि आतल्या आत त्यांची किती ओढाताण चाललीय ते कोणाला दिसत नाही. जो शब्द त्यांना इतक्या उशिरा आधार झाला, तो लहानपणीच देऊ नका, असा निष्कर्ष त्यांच्या बोलण्यातून कसा निघतो?

लोकलाजेची भीती मात्र तर्काने जात नाही. शाळा प्रवेश नाकारते, हे घडतं. आम्हाला एका शाळेने अर्ज भरण्याआधीच “आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही” असं फाटकात सांगितलं. धाकट्या बहिणीच्या लग्नाचं काय, हा प्रश्न तर मूल पाळण्यात असतानाच सुरू होतो. इथे मला आपल्याच मातीतला कुष्ठरोगाचा इतिहास आठवतो. ऑटिझम हा रोग नाही, त्यामुळे तुलना फक्त लपवण्यापुरती आहे. अंगावरचा बधिर चट्टा लोक लपवायचे, कारण ते नाव निघालं की घर सुटायचं. बोटं झडत होती ती चट्टा लपवून काढलेल्या वर्षांत. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभं केलं तेव्हा तिथे येणारी माणसं अशी लपून, हाकलली जाऊन आलेली होती. १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार गावोगाव पोहोचला, तेव्हा आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन काय म्हणत होते? चट्टा दाखवा. नावाचं भय गेलं ते नाव गाडून टाकल्याने नाही, लोकांनी चट्टे दाखवल्याने आणि त्यातून काहीतरी चांगलं होताना शेजाऱ्यांनी पाहिल्याने.

शिवाय निदान करून घेणं आणि ते जाहीर करणं हे दोन वेगवेगळे निर्णय आहेत. फाइल कपाटात ठेवता येते. कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, हा हक्क घराचा आणि पुढे मुलाचा. पण स्वतःलाच कळू द्यायचं नाही, याला गोपनीयता म्हणता येत नाही.

लेबल नसण्याचा प्रयोग आपल्या देशाने करून पाहिलेला आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याची दखल घेतली, पण आरक्षण आणि सवलतींच्या मुख्य यादीत तो आला २०१६ च्या कायद्याने, ज्यात प्रकार एकवीस झाले. तो लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ ही मुलं त्या यादीच्या दृष्टीने ‘लेबलमुक्त’ होती. त्यांना याचा काय फायदा झाला? प्रमाणपत्र मिळवण्यासाठी त्यांच्या आईवडिलांना मुलाला ‘मतिमंद’ लिहून घ्यावं लागत होतं. याउलट अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकताना येणाऱ्या अडचणीचं, उदाहरण घ्या. महाराष्ट्राने १९९६ मध्ये अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती दिल्या, देशात फारशी कोणी दखल घेत नव्हतं तेव्हा. ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेली कितीतरी मुलं त्यामुळे दहावीच्या पार गेली. या सवलतींचा गैरवापरही झाला. गरज नसताना प्रमाणपत्रं मिळवणारे पालक आहेत, हे नाकारून चालणार नाही. पण त्यावर तपासणी कडक करणं हा उपाय आहे. अक्षर अन् अक्षर वाचताना अडखळणाऱ्या मुलाला पुन्हा ‘ढ’ म्हणणं हा उपाय नाही.

राहिला तो प्रश्न, ज्याच्यापुढे मी खरोखर अडखळते. शहरातल्या आईला मी ‘तपासणी करा’ म्हणते. धडगाव, अहेरी, पाटोदा इथल्या आईने कुठे जायचं? निदान झालं आणि पुढे काहीच नसलं, तर त्या कागदाचं करायचं काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली. फिरत्या आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत मुलं तपासायची आणि ज्याला गरज आहे त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, पाठवायचं, सगळं मोफत, अशी ती रचना आहे. कागदावर ती उत्तम आहे. पण केंद्र आहे म्हणून तिथे वाचोपचारतज्ज्ञ असेलच असं नाही. तरीही ‘सोय नाही, म्हणून निदान नको’ हा क्रम मला उलटा वाटतो. मोजलेल्या मुलांसाठीच पदं मागता येतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणची दोन ते नऊ वर्षांची मुलं तपासली होती. ऐकणं, दिसणं, अपस्मार, भाषा, ऑटिझम अशा सगळ्या अडचणी धरून सहा वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण सरासरी ९.२ टक्के निघालं, त्यावरच्या मुलांत १३.६ टक्के. तीस मुलांच्या अंगणवाडीत म्हणजे दोन-तीन मुलं. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण बघत नाही.

आणि मदत करायला प्रत्येक वेळी तज्ज्ञच लागतो असंही नाही. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीतल्या सहकाऱ्यांबरोबर एक चाचणी केली, २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ऑटिझम असलेली दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं होती. तज्ज्ञ नसलेल्या पण नीट शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांसोबत काम केलं. मुलाशी खेळतानाची चित्रफीत त्यांच्याबरोबर बसून पाहायची आणि कुठे थांबायचं, कुठे मुलाच्या मागे जायचं ते दाखवायचं. पालकांचं मुलाशी जुळवून घेणं वाढलं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करायचं प्रमाणही वाढलं. सगळंच सुधारलं असं नाही, संशोधकांनीही तसं म्हटलेलं नाही. पण तज्ज्ञ नसलेली, नीट शिकवलेली व्यक्ती हे करू शकते, एवढं त्यातून दिसतं. मग आपल्याकडे हे का होऊ नये? गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. एम-चॅटच्या वयात ते नेमकं बसतं. त्याच दिवशी, त्याच बाकावर, आशाताईंनी किंवा अंगणवाडीताईंनी वीस प्रश्न मराठीत, कोकणीत, गोंडीत, पावरीत विचारावेत. (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लशीचा ऑटिझमशी संबंध असावा, असं १९९८ मध्ये बारा मुलांच्या जोरावर सुचवणारा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. त्या भीतीपोटी लस चुकवणारे पालक अजून भेटतात, म्हणून इथे लिहिलं.)

तपासणीला गेलेल्यांनाही एका गोष्टीपासून सावध करायला हवं. कितीतरी मराठी घरांना सांगितलं जातं, “घरात दोन भाषा नकोत, मुलाचा गोंधळ होईल, फक्त इंग्रजी बोला.” आम्हालाही सांगितलं होतं. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं नुकसान होतं, असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. नुकसान होतं ते आजी मुलाशी बोलायची थांबते तेव्हा. आमच्या घरात ती आठ महिने जवळजवळ मुकी झाली होती.

सभा संपल्यावर मी त्या आईला फाटकापाशी गाठलं. आधी कान तपासून घ्या, म्हटलं. तो काय करतो आणि काय करत नाही ते तारखांसकट लिहा, जेवताना आणि खेळताना दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात तो नेमका शांत बसेल. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी कुठे आहे ते विचारा. आणि त्याच्याशी तुमच्या भाषेत बोलत राहा. तिने सगळं मोबाईलवर टिपून घेतलं. मग म्हणाली, “घरी काय सांगू? सासरे चिडतील.”

“कान दाखवायला चाललोय म्हणून सांगा,” मी म्हटलं. “ते खोटंही नाही.”

बुधवारी नेते, म्हणाली.